एकाच नंबरची माणसं

"चुका शून्य," इंजिनिअर तिसऱ्यांदा म्हणाला आणि मोठ्या सिस्टरनी हातातला कागद तिसऱ्यांदा त्याच्या नाकासमोर धरला.

"असतील हो शून्य. पण माझी एवढी माणसं गायब आहेत, ती कुठं गेली?"

इंजिनिअरने कागद पाहिला, संगणकाचा पडदा पाहिला आणि गालावर हात ठेवला. त्याची दाढ दुखत होती. शनिवारी मुख्य कार्यालयातून तो आला तेव्हापासून ती दुखतच होती, आणि केळ्याखेरीज दुसरं काही चावत नसल्यामुळे नर्सनी त्याचं नाव केळीवाले साहेब असं ठेवूनही टाकलं होतं. माणूस मात्र सज्जन होता. दाढ दुखत असताना जो आवाज चढवत नाही, त्याला सज्जनच म्हणायला हवं.

केंद्राचं काम तसं साधं होतं. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्या घरी नर्सने जायचं, जखम धुवायची, नळी बदलायची, इंजेक्शन द्यायचं, दोन शब्द बोलायचे आणि पुढच्या घराकडे निघायचं. कोणी कोणत्या घरी जायचं त्याची यादी इतकी वर्षं एका जुन्या प्रोग्राममधून निघायची. तो प्रोग्राम आता निवृत्त झाला होता. त्यातली सगळी माणसं एका लांबलचक फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि ती फाइल नव्या डेटाबेसमध्ये ओतायची, एवढ्यासाठी इंजिनिअर आला होता. शनिवारी त्याने ती ओतली. आज सोमवार, नव्या यादीचा पहिला दिवस. दाराशी नर्स खांद्याला पिशव्या अडकवून उभ्या होत्या आणि एकमेकींच्या याद्या पाहत होत्या. एकीच्या वाट्याला तर दुपारपर्यंतचंसुद्धा काम आलं नव्हतं. एरवी ती खूश झाली असती, पण रोज ज्यांचे पाय धुतो ती माणसं कागदावरून नाहीशी झाली की कुणीही बिचकतंच.

ताई आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. केंद्रात नाव नोंदवायचं म्हणजे ताईंच्या टेबलाशी जायचं, ही रीत केंद्राइतकीच जुनी. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरही त्यांना ताईच म्हणत. त्यांनी सिस्टरांच्या हातातला कागद मागून घेतला आणि सवयीने आधी एक नाव शोधलं. ते होतं. मग त्यांनी शिवणवाल्या आजींना शोधलं, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे त्या आजोबांना शोधलं, कुलूपवाल्या काकांना शोधलं. तिघांचाही पत्ता नव्हता. एक तेवढा जागच्या जागी होता. ताईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण त्यांनी कागद पालथा घातला.

कारण तो एक म्हणजे त्यांचा नवरा होता, आणि हे केंद्रात कोणालाही माहीत नव्हतं.

इंजिनिअरने खुर्ची पुढे ओढली आणि शांतपणे शोधायला सुरुवात केली. फाइलमधल्या ओळी किती वाचल्या गेल्या, ते त्याने पाहिलं. सगळ्या वाचल्या गेल्या होत्या. नाकारल्या किती? एकही नाही. मग त्याने नव्या टेबलात प्रत्यक्ष ओळी किती आहेत ते मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला. आत गेलेल्या आणि आत राहिलेल्या यांचा मेळ बसत नव्हता. आपण शनिवारी दारात उभं राहून पाहुणे मोजले आणि पंगतीत किती बसलेत ते पाहिलंच नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला.

सिस्टरनी विचारलं, हा काय प्रकार म्हणायचा. तेव्हा त्याने न लाजता सांगितलं. नव्या टेबलात प्रत्येक माणूस फोन नंबरावरून ओळखायचा, असं मुख्य कार्यालयाने ठरवलं होतं. एक नंबर, एक माणूस. शनिवारी फाइल ओतायला घेतली की ती मध्येच अडकायची, हा नंबर आधीच आहे म्हणायची आणि थांबायची. दुसऱ्या केंद्रांतही असंच व्हायचं. तिथे एकच माणूस दोनदा, तीनदा नाव नोंदवून गेलेला असायचा, त्यामुळे जुनी ओळ पुसून नवी ठेवली की प्रश्न मिटायचा. इथेही त्याने तेच केलं. नंबर आधी असेल तर आधीची ओळ खोडून टाक, असं त्याने संगणकाला सांगितलं, आणि मग फाइल लोण्यासारखी आत गेली. गंगेत घोडं न्हालं म्हणून तो लॉजवर जाऊन झोपला.

"पण इथं कुणी दोनदा नाव नोंदवत नाही," सिस्टर म्हणाल्या. "ताई नोंदवू देतील तर ना."

मग इंजिनिअरने जुनी फाइल उघडून पुन्हापुन्हा आलेले नंबर वेगळे काढले. कुठे नवराबायकोचा एक होता, कुठे शेजाऱ्यांचा. सगळ्यात वर मात्र एक नंबर होता आणि तो इतक्या वेळा आला होता की इंजिनिअर दाढ विसरला. हा कुणाचा नंबर, म्हणून त्याने आपल्या मोबाईलवरून तो लावून पाहिला.

त्याच्या कोपराशी, टेबलावर, ताईंचा फोन वाजला.

दाराशी उभ्या असलेल्या नर्स हसल्या. त्यांना ठाऊकच होतं. ताईंनी फोन बंद केला आणि शाळेत उभं केल्यासारखं एकेक सांगितलं. जुना प्रोग्राम मोठा हट्टी होता. फोनचा रकाना रिकामा सोडला की तो टों करून वाजायचा आणि पुढे जाऊच द्यायचा नाही. आता ज्या म्हातारीकडे फोन नाही, तिला काय परत पाठवायचं? पहिल्यांदा आल्या त्या शिवणवाल्या आजी. ताईंनी त्या दिवशी आपला नंबर टाकला आणि पुढे तीच वहिवाट पडली. यादीत ताईंचा नंबर दिसला की या माणसाला फोन नाही, निरोप ताईंकडे द्यायचा, हे नर्सना शिकवावं लागायचं नाही. दवाखान्यातून रिपोर्ट आला की ताईंना फोन, औषध मिळालं नाही की ताईंना फोन, आणि ट्रम्पेटवाल्या आजोबांचा परदेशातला पुतण्या तर तिकडच्या सोयीने इकडच्या पहाटे फोन करून काका कसे आहेत विचारायचा. ताई घरी जाताना वाट वाकडी करून निरोप पोचवत.

"म्हणजे ही सगळी माणसं एका नंबरची," इंजिनिअर म्हणाला. "आणि मी एकेकाला पुसत दुसऱ्याला बसवत गेलो."

"हो. आणि जो शेवटी आला तो राहिला," ताई म्हणाल्या.

इंजिनिअरने ती राहिलेली ओळ वाचली. लिफ्ट मेकॅनिक, आता काम नाही, मणक्याला इजा, पाठीला जखम, रोज ड्रेसिंग. त्याने ती सहज मोठ्याने वाचली, आणि ताईंनी उगाच टेबलावरचा टाचण्यांचा डबा उघडून बंद केला.

आता या नवऱ्याचं सांगायला हवं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्यांच्या गावात लिफ्ट होत्या दोन. त्यातली एक कायम बंद, म्हणजे तिचं काम होतं असं कुणाला वाटेल, पण ती मालकालाच चालू करायची नव्हती. मग तो मोठ्या शहरात गेला, जिथे दर महिन्याला आकाशात नवी इमारत घुसत होती. त्याची आई आजारी होती म्हणून ताई मागे राहिल्या. जाताना दोघांनी दोन फोन घेतले. दुकानदाराने कौतुकाने लागोपाठचे नंबर काढून दिले, शेवटचा आकडा तेवढा एकाने पुढे. सुरुवातीला रोज फोन, मग आठवड्याला. सासूबाईंचं सगळं ताईंनी केलं, मनापासून केलं. ज्या दिवशी सासूबाई गेल्या त्या दिवशी तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरलेला होता आणि फोन लागत नव्हता. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात उभा राहिला. ताई कित्येक रात्री झोपलेल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडून एकच वाक्य गेलं, "आता कशाला आलात?"

तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आधी ताई वाट पाहत राहिल्या, मग रागावल्या, मग एकदा राग गिळून त्यांनी तो एकाने पुढचा नंबर लावला, तर कुणी तिसराच माणूस बोलला आणि हा नंबर आता माझा आहे म्हणाला. केंद्रात कुणी विचारलं तर, मिस्टर बाहेरगावी असतात, असं त्या सांगत. ते खरंच होतं. खरं असलेलं वाक्य हळूहळू सवयीचं होतं आणि मग ते खरं आहे की नाही हे कुणी तपासत नाही, सांगणारासुद्धा.

आणि मग एका सकाळी एक शेजारी एक अर्ज घेऊन आला. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक भाडेकरू आलेत, शहरात कामावर पडले, उठता येत नाही. फोन? नाही म्हणतात. ताईंनी नाव वाचलं. त्यांनी सगळं नीट टाईप केलं. फोनच्या रकान्याशी आल्या तेव्हा प्रोग्राम टों करून वाजला आणि त्यांनी इतरांसाठी टाकत होत्या तोच नंबर त्याच्यासाठीही टाकला. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

त्यानंतर त्या त्याच्या घरी एकदाही गेल्या नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा कुठे आहे ते पक्कं माहीत असून वळसा चालला होता. पण रोज दुपारी नर्सचा फोन येई. लिफ्टवाल्या काकांची जखम आज बरी आहे, आज जरा लाल आहे, आज जेवले नाहीत. ताई बरं म्हणून फोन ठेवत, आणि मग तो थोडा वेळ हातातच असे. कधीकधी कामाचं विचारल्यासारखं करून विचारत, दाढी करतात का, खिडकी उघडी असते का. एवढ्यावर त्यांचा दिवस सरळ जायचा. या वयात माणसाला किती लागतं, असं त्या स्वतःला सांगत, आणि ते खोटं होतं.

इकडे इंजिनिअर कामाला लागला होता. आजच्या फेऱ्या बुडू नयेत म्हणून मोठ्या सिस्टरनी गेल्या आठवड्याच्या याद्या काढून नर्सना पिटाळलं. इंजिनिअरने नवं टेबल रिकामं केलं. आता नंबरावरून माणूस ओळखायचाच नाही, असं त्याने मुख्य कार्यालयाला फोन करून ठणकावून सांगितलं, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा अनुक्रमांक दिला. फाइल पुन्हा ओतली. या वेळी आधी दारातले मोजले, मग पंगतीतले मोजले. दोन्ही सारखे आले. सिस्टरनी त्याला न मागता एक केळं आणून दिलं.

पण मुख्य कार्यालयाने एक गोष्ट सोडली नाही. उद्यापासून नर्स घरी पोचली की रुग्णाच्या जवळच्या व्यक्तीच्या फोनवर एक कोड जाणार, त्या व्यक्तीने तो सांगायचा, मगच फेरी धरायची. कुठल्याशा केंद्रात न जाताच फेऱ्या लागल्याच्या तक्रारी होत्या म्हणे. त्यामुळे जवळची व्यक्ती, तिचा नंबर आणि नातं, हे तीन रकाने भरलेच पाहिजेत. रिकामे राहिले तर ती ओळ आज संध्याकाळी थांबवली जाणार. केंद्रातल्या कर्मचाऱ्याचा नंबर चालणार नाही.

"अजिबात नाही?" ताईंनी विचारलं.

"कर्मचारीच नातेवाईक असेल तर चालतो. तेवढीच सूट आहे," इंजिनिअर म्हणाला. त्याला वाटलं, ताई सगळ्यांची काळजी करताहेत. ती तर होतीच.

दुपारभर नर्स एकेका घरून फोन करत होत्या आणि इंजिनिअर एकेक ओळ भरत होता. त्या एका प्रश्नाने बिचाऱ्या माणसांची मोठी पंचाईत केली. तुमचं जवळचं कोण? ट्रम्पेटवाल्या आजोबांनी पुतण्याचं नाव दिलं, पण तो झोपेत असेल तेव्हा नर्सने दाराबाहेर थांबायचं का, असंही विचारलं. कुलूपवाल्या काकांनी ज्या शेजाऱ्याशी त्यांचं भांडण होतं त्याचाच नंबर दिला. म्हणाले, बोलत नाही आम्ही, पण मी मेलो तर पहिला फोन तोच करील. शिवणवाल्या आजींनी खाली इस्त्री करणाऱ्या पोराचं नाव दिलं. नातं काय, तर रोजचं. इंजिनिअरच्या यादीत रोजचं असं नातं नव्हतं. त्याने इतर असं निवडलं आणि त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

ताईंच्या फोनवरून एकेक माणूस असा उतरून जात होता. हे बरं झालं, असं त्या मोठ्याने म्हणत होत्या. पहाटेचे फोन गेले, वाकडी वाट गेली. पण आजींचा नंबर बदलला तेव्हा त्यांना उगाच भरून आलं, आणि त्या पाणी प्यायला उठल्या.

शेवटी एकच ओळ उरली. रोज तिथे ड्रेसिंगला जाणाऱ्या छोट्या सिस्टरचा फोन आला.

"ताई, लिफ्टवाले काका काही सांगतच नाहीत. म्हणतात, आहे तोच नंबर राहू द्या."

ताईंनी सांगितलं, नाही चालत म्हणून सांग त्यांना.

"सांगितलं. तर म्हणतात, ज्यांचा आहे त्यांनाच विचारा."

ताईंनी फोन ठेवला. मग त्यांनी टेबलाचा खण लावला, मी येतेच जाऊन असं इंजिनिअरला सांगितलं आणि पिशवी घेतली. भर दुपारी ताई बाहेर निघाल्या म्हणून मोठ्या सिस्टर चष्म्यावरून पाहत राहिल्या.

घर दोन गल्ल्या टाकून होतं. पत्ता स्वतःच्या हाताने टाईप केलेला होता, तरी ताई एकदा पुढे गेल्या आणि परत फिरल्या. छोटी सिस्टर ड्रेसिंग आटोपून पिशवी भरत होती. तुम्ही स्वतः आलात, असं ती म्हणाली, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि शहाणी पोरगी पुढच्या घराची घाई आहे म्हणून निघून गेली.

खोली लहान होती आणि स्वच्छ होती. पलंगाखाली विटा लावून तो उंच केलेला. छताच्या हुकाला एक कप्पी, तिच्यावरून दोर, दोराच्या एका टोकाला लाकडी दांडा आणि दुसऱ्या टोकाला वजनाला बांधलेली वाळूची पिशवी. दांडा धरून ओढलं की आपलं आपल्याला वर होता येत असावं. एवढं करून घ्यायला त्याने कुणाला तरी सगळं झोपल्या जागेवरून शिकवलं असणार. खिडकी उघडी होती. दाढी केलेली होती. केस मात्र पार पांढरे झाले होते, आणि ते कुठल्याच नर्सने ताईंना फोनवर सांगितलं नव्हतं.

"ये," तो म्हणाला. तासाभरापूर्वी भाजी आणायला गेलेलं माणूस परत यावं, तसं.

ताई दाराशीच उभ्या राहिल्या. "नंबर माझा आहे हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. सिस्टरच्या कागदावर होता. माझ्याहून एकानं कमी. तो कसा विसरेन?"

"मग बोलला नाहीत ते."

"तू तरी कुठं बोललीस?"

ते बरोबर होतं. ताईंना एकदम दमल्यासारखं वाटलं. इतके दिवस इकडून त्या ऐकत होत्या आणि तिकडून तो, कोण ऐकतंय हे माहीत असून, आज बरं आहे, आज जेवलो नाही, असं सांगत होता. दोघांनी मिळून नर्सच्या तोंडून संसार केला होता.

"फोन का नाही ठेवलात?"

"कुणाचा येणार होता?"

यावर ताईंचा बांध सुटला. "मी तेव्हा बोलून गेले ना. आता कशाला आलात म्हणाले. अहो, मी दमले होते. झोप नव्हती मला. तुम्ही तेच धरून बसलात."

त्याने मान हलवली. "धरून नाही बसलो. मलाही तोच प्रश्न पडला होता. आई गेल्यावर कशाला आलो? उत्तर असतं तर थांबलो असतो."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईंनी डोळे पुसले आणि कामाचं बोलायचं ठरवलं. कामाचं बोलणं त्यांना जमत होतं. त्यांनी कोडचं सांगितलं, रकान्यांचं सांगितलं. आज संध्याकाळच्या आत नातं लिहिलं नाही तर उद्यापासून नर्स यायची नाही. ड्रेसिंग एक दिवस चुकलं तरी ती जखम पुन्हा चिघळेल, हे दोघांनाही माहीत होतं.

"इतर लिही," तो म्हणाला.

"का म्हणून?"

"सिस्टर बोलतात गं. ताईंचे मिस्टर बाहेरगावी असतात म्हणतात. आता काय सांगशील त्यांना, बाहेरगाव दोन गल्ल्यांवर होतं म्हणून?" तो हसायला गेला आणि पाठीत कळ आली म्हणून थांबला. "तुला कुणी हसलेलं मला नाही चालायचं. माझ्या पायी तर नाहीच. इतर लिही. इतर म्हटलं की कुणी विचारत नाही."

ताईंनाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुन्हा भरले. ही जुनी खोड होती त्याची. दुसऱ्याला अडचण नको म्हणून स्वतःच निघून जायचं, आणि दुसऱ्याला काय हवंय ते विचारायचंच नाही. त्या वेळी तेच केलं, आत्ताही तेच करत होता. फक्त या वेळी त्याला उठून जाता येत नव्हतं.

"तुम्ही मला विचारलंत का कधी, मला काय चालेल ते?"

त्याने दांड्यावर हात ठेवला.

ताईंनी पिशवीतून फोन काढला आणि केंद्राचा नंबर लावला. इंजिनिअरनेच उचलला.

"सर, ती राहिलेली ओळ. घ्या लिहून."

"हं, सांगा. जवळची व्यक्ती?"

"मी."

"ताई, तो कर्मचाऱ्याचा..."

"कर्मचारी नातेवाईक असेल तर चालतो. तुम्हीच म्हणालात."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचं ऐकू आलं. मग इंजिनिअरने अगदी हळू विचारलं, "नातं काय लिहू?"

ताईंनी पलंगाकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता, आणि दांड्यावर ठेवलेल्या त्याच्या हाताची बोटं घट्ट मिटली होती.

"पत्नी," ताई म्हणाल्या.

पलीकडे बटणांचा आवाज झाला. मागून मोठ्या सिस्टर विचारत होत्या, काय म्हणताहेत ताई, काय झालं. इंजिनिअर त्यांना म्हणाला, काही नाही, पत्ता विचारत होतो. मग तो फोनवर म्हणाला, "गेली, ताई. आत गेली ओळ. आता कुणी बाहेर नाही राहिलं." आणि जरा थांबून म्हणाला, "इकडचं मी पाहतो. तुम्ही घाई नका करू."

ताईंनी फोन ठेवला. आता पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. कामाचं सगळं संपलं होतं. त्याने दांडा ओढला, कप्पी कुरकुरली, वाळूची पिशवी खाली आली आणि तो सावकाश वर उठून भिंतीला टेकून बसला. कपाळावर घाम आला होता, पण बसला.

"बस तरी," तो म्हणाला.

खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर त्याचे धुतलेले कपडे घडी करून ठेवले होते. दोन शर्ट, दोन पायजमे, एक टॉवेल. ताईंनी तो गठ्ठा उचलला आणि कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कपाट त्यांना माहीत नव्हतं, पलंगावर जागा नव्हती. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि कपडे मांडीवरच घेऊन बसून राहिल्या.